टर्की झोपवायला जाणारे अंकल

बेसमेंट भाड्याने देताना लोक काय काय विचारतात, याचा कॅनडातल्या वॉटर्लूत मला भरपूर अनुभव आला होता. कुणी क्रेडिट स्कोअर विचारला, कुणी पगाराच्या स्लिपा मागितल्या, एका बाईंनी तर आठवड्यातून किती वेळा फोडणी देणार ते आधी सांग म्हटलं. अंकलनी यातलं काहीच विचारलं नाही. त्यांनी मला बेसमेंटच्या मधोमध उभं केलं आणि म्हणाले, "डोळे मीट."

परक्या देशात, परक्या माणसाच्या तळघरात डोळे मिटायचे! माझ्या आईने हे बघितलं असतं तर ती नागपूरहून चालत आली असती. पण वर स्वयंपाकघरात आंटी मासे तळत होत्या, आणि ज्या घरात मासे तळले जातात तिथे काही वाईट घडत नाही अशी माझी उगीचच एक समजूत आहे. मी डोळे मिटले. कुठेतरी किल्ल्यांचा जुडगा वाजला.

"कुठून आला आवाज? बोट दाखव."

मी दाखवलं. मग तो घर गरम ठेवणाऱ्या फर्नेसच्या मागून वाजला, मग जिन्याखालून, मग दाराच्या कोपऱ्यातून. मी दाखवत गेले. शेवटी तर त्यांनी जुडगा वाजवलाच नाही, नुसता मुठीत दाबला. मी डोळे न उघडता म्हटलं, "आता तुम्ही वॉशिंग मशीनपाशी आहात."

"कधी मूव्ह होतेस?" अंकल म्हणाले.

वर आल्यावर आंटींनी माझ्यापुढे तळलेल्या बांगड्याची ताटली सरकवली आणि हळूच सांगितलं, "याच्या आधी आलेली सगळी पोरं फेल झाली, बाय. एक बिचारा तर पीएचडी करत होता."

आता मी मॉन्ट्रियलला असते. इथे नोकरीसाठी फ्रेंच शिकताना माझी मास्तरीण सारखी म्हणते की तुझा कान चांगला आहे. तेव्हा मला हटकून अंकल आठवतात. कारण माझा कान चांगला आहे हे माझ्या आयुष्यात पहिल्यांदा त्यांना कळलं, आणि त्यांनी तो सरळ भाड्याने घेतला.

अंकल आणि आंटी दोघंही वसईचे, कॅथलिक. अंकल तरुणपणी इकडे आले ते गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या कारखान्यात प्रेस मशीनवर लागले आणि तिथूनच रिटायर झाले. मुलगा टोरांटोजवळ मार्कहॅमला मोठ्या कंपनीत, त्याला दोन मुलं. अंकल उंचीला बेताचे, पोट बेताचं नाही, आणि मिशी अशी की ती वेगळी राहते असं वाटावं. चर्चमधल्या लोकांना ते गार्डनिंगबद्दल सांगत, शेजाऱ्यांना हवामानाबद्दल. पण ही सगळी वरवरची बोलणी. आतून त्यांच्या डोक्यात बारा महिने एकच विषय असे, तो म्हणजे रानटर्की.

"हे पक्षी आणि मी एकाच सुमाराला इकडे आलो," ते सांगायचे. "इथे यांची जात संपली होती. मग गव्हर्नमेंटने खोक्यात घालून बाहेरून आणले आणि सोडले. मलाही कंपनीने तसंच आणलं. फरक एवढाच, त्यांना विंटरमध्ये दारातला बर्फ शोव्हल करावा लागत नाही."

त्यांचं शास्त्र मला त्यांनी पहिल्याच आठवड्यात शिकवलं. टर्की दिवसभर जमिनीवर चरते, पण झोपायला झाडावर जाते. दिवस मावळताना ती पंख फडफडवत उंच फांदीवर चढते आणि एकदा चढली की उजाडेपर्यंत उतरत नाही, कारण अंधारात तिला धड दिसत नाही. म्हणजे संध्याकाळी पक्षी कुठल्या झाडावर गेला हे ज्याला कळलं, त्याला तो सकाळी कुठे उतरणार हेही कळलं. त्यातून एप्रिल-मे म्हणजे नरांचा लग्नाचा मोसम. तेव्हा ते इतके तोऱ्यात असतात की कुठेही मोठा आवाज झाला, की त्यांच्याने गप्प बसवत नाही. गाडीचं दार आपटा, घुबडासारखा आवाज काढा, तो झाडावरून उलट ओरडणारच. अंकल नराला नवरदेव म्हणत. संध्याकाळी तो कुठे झोपला हे शोधून येण्याला "नवरदेवाला झोपवून येऊ" म्हणत.

या कामाला ते बंदूक कधी नेत नसत. तिथल्या कायद्याने संध्याकाळी सातनंतर बंदूक चालवता येत नाही, आणि मे महिन्यात सूर्य त्यानंतरही बराच वेळ रेंगाळतो. पण कायदा नसता तरी अंकलनी नेली नसती. "बंदूक काय, कुणीही चालवतो," ते म्हणायचे. "खरी शिकार संध्याकाळी होते. सकाळी नुसतं जाऊन आणायचं असतं." हे वाक्य त्यांनी मला, आंटींना, मुलाला, पोस्टमनला आणि एकदा फर्नेस दुरुस्त करायला आलेल्या माणसालाही ऐकवलं होतं.

घुबडाचा आवाज ते तोंडाने काढत, शिट्टी वापरणाऱ्यांना ते कमी लेखत. सराव घरात चाले. इथले पक्षीवाले म्हणतात की हे घुबड "हू कुक्स फॉर यू?" असं विचारतं. अंकल हॉलमध्ये ती आरोळी ठोकत, आणि आतून आंटी ओरडत, "मी! आणखी कोण?" हे इतक्या वर्षांत दोघांपैकी कुणालाही शिळं वाटलं नव्हतं. एकदा इंडियन ग्रोसरीच्या पार्किंगमध्ये त्यांनी असंच घुबड काढलं, तर एका पंजाबी आजोबांनी त्यांना पाणी आणून दिलं आणि हिंदीत विचारलं, भाईसाब, छातीत दुखतंय का.

आता मुख्य अडचण. अंकलना डाव्या कानाने ऐकू येत नव्हतं. कारखान्यात दोन्ही कान कमी झाले होतेच, पण रिटायर झाल्यानंतर एका सकाळी उठले तर डावा पूर्ण बंद. डॉक्टर म्हणाले, नस गेली. उजवा अजून चालत होता, त्यामुळे आवाज यायचा. पण एका कानाने आवाज कळतो, दिशा कळत नाही. नवरदेव उत्तरेला ओरडला तर अंकलना तो ऐकू जायचा, पण ते ठामपणे दक्षिणेला बोट दाखवायचे. दुसऱ्या कुणाच्या आयुष्यात याने काही बिघडलं नसतं. अंकलच्या आयुष्यात नेमकं तेच बिघडलं.

आणि हे त्यांनी कुणालाही सांगितलं नव्हतं. आपण लपवलंय आणि ते लपलंय, असा त्यांचा ठाम विश्वास होता. मला मात्र राहायला गेल्यानंतर दुसऱ्याच दिवशी कळलं. त्यांच्या डाव्या हाताला मिक्सर फिरत होता आणि ते उजवीकडच्या फ्रीजला "गप रे" म्हणत होते.

कान गेल्यापासून दोन वसंत रिकामे गेले होते. पक्षी बोलत होते, अंकल भलतीकडे जाऊन बसत होते. दुसऱ्या वर्षी आंटी वैतागल्या. त्यांना मार्कहॅमला मुलाजवळ, नातवंडांजवळ जायचं होतं. अंकल टर्कीच्या नावाखाली हलत नव्हते. तेव्हा अंकलनी जेवणाच्या टेबलावर शब्द दिला. पुढच्या सीझनला मी स्वतः शोधलेला पक्षी घरी आला नाही, तर बंदूक विकायची, हे घर विकायचं आणि मार्कहॅमला जायचं. आंटींनी उठून हात मिळवला होता. मी राहायला आले तोवर मार्कहॅमच्या घरासाठी त्यांनी पडदेसुद्धा पसंत करून ठेवले होते.

म्हणजे त्या वसंतात अंकलची बंदूक पणाला लागली होती, आणि तिच्याबरोबर माझं बेसमेंटही. किल्ल्यांच्या परीक्षेत मी पास का झाले, याचा मला हळूहळू उलगडा होत गेला.

रानात आमची पद्धत ठरलेली होती. गावाबाहेर एका मेनोनाइट शेतकऱ्याची जमीन होती. घोडागाडीतून हिंडणारी ही साधी, देवभोळी माणसं. या शेतकऱ्याने अंकलना त्याच्या रानात यायची मुभा दिली होती, अट एकच, रविवारी बंदूक नाही. ऑफिसमधून आले की मी लॅपटॉप टाकायचे आणि आम्ही निघायचो. रानाच्या कडेला चढावर आम्ही पाठीला पाठ लावून उभे राहायचो, डोळे मिटून. अंकल घुबड काढायचे. नवरदेव बोलला, की दोघांनीही डोळे न उघडता हात करायचा.

मी हात करायचे ओढ्याकडे. अंकल करायचे हायवेकडे. मग मी चोरून मागे बघायचे, तर त्यांचा एक डोळा जरासा किलकिला व्हायचा, मान हळूच वळायची आणि त्यांचा हात होकायंत्राच्या काट्यासारखा सरकत सरकत माझ्या हाताच्या दिशेला येऊन थांबायचा.

"करेक्ट," ते म्हणायचे. "छान. तुझं ट्रेनिंग बरं चाललंय."

मी मान डोलवायचे. ज्या घरात डिपॉझिट न घेता खोली मिळते आणि रविवारी माशाची आमटी मिळते, तिथे माणसाने आपलं ट्रेनिंग चालू द्यावं.

नियम मात्र कडक होते. चेनचं जॅकेट चालणार नाही, वेल्क्रो तर मुळीच नाही. आंटींना बसवून त्यांनी माझ्या जॅकेटला बटणं लावून घेतली होती. चिप्स बंद. फोन गाडीत. वारा सुटला की परत, कारण वाऱ्यात पक्षी बोलत नाही. आणि सगळ्यात कठीण म्हणजे बोलायचं नाही. मी नागपूरची, मला गप्प बसणं म्हणजे शिक्षाच. "तू बोलत असतेस तेव्हा तुला किती ऐकू येत नाही, माहीत आहे?" ते विचारायचे. पुढे ऑफिसच्या मीटिंगांमध्ये मला या वाक्याचा इतका उपयोग झाला की माझा टीम लीड मला मॅच्युअर म्हणायला लागला.

आई मात्र भडकली. रोज फोनच्या वेळेला मी घरी नसते म्हणून तिने खोदून खोदून विचारलं. मी सांगितलं, टर्की झोपवायला जाते.

"कोनाले झोपवाले?"

"पक्षी गं. मोठी कोंबडी समज."

"अवं बाप्पा! मंग इंजिनीअरिंग कायले केलं?" आई म्हणाली.

मे निम्मा सरला. पक्षी झोपवून यायचो, पण सकाळी काहीतरी बिनसायचं. सकाळी मी पिकअपमध्ये थर्मास घेऊन बसायचे आणि अंकल एकटे रानात जाऊन झाडाला टेकून बसायचे. एकदा असंच झुंजुमुंजू झालं होतं. आदल्या संध्याकाळी आम्ही नवरदेवाला एका मोठ्या बीचच्या झाडावर नक्की झोपवला होता. मला काचेतून अंकल दिसत होते, कुंपणापलीकडे, झाडाला पाठ लावून, बंदूक गुडघ्यावर, नजर समोर. पक्षी झाडावरून ओरडला. तो त्यांच्या मागे होता. अंकल समोर बघत होते.

मग तो खाली उतरला. अंकलनी खिशातली लाकडी डबी काढून तिच्यावर मादीचा आवाज घासला. नवरदेवाने पिसारा फुलवला, मान लाल-निळी केली आणि तो थाटात चालत आला. थेट अंकलच्या पाठीमागे. तिथे त्याने एक गिरकी घेतली. मग आणखी एक. अंकल समोर डोळे ताणून बघत होते आणि त्यांच्या पाठीशी वरात चालली होती. मी हॉर्नवर हात नेला आणि मागे घेतला. खिडकी उघडून ओरडावं तर पक्षी जाणार, न ओरडावं तरी जाणारच. शेवटी मादी काही दिसत नाही म्हणून नवरदेव कंटाळला, पिसारा मिटला आणि शेतातून निघून गेला.

बऱ्याच वेळाने अंकल आले. चहाचा कप हातात घेत म्हणाले, "बोलला आज. पण आला नाही."

"अंकल, तो आला होता."

"कुठे?"

"तुमच्या मागे. नाचत होता."

ते चहा पिता पिता थांबले. "किती मागे?"

"हात मागे केला असतात तर शेपूट हातात आली असती."

मला हसू आवरत नव्हतं. तेही हसले, आधी नाकातून, मग मिशीतून, मग पोट हलेपर्यंत. हसणं ओसरल्यावर मात्र त्यांनी कप डॅशबोर्डवर ठेवला आणि काचेतून रानाकडे बघत म्हणाले, "डाव्या कानाने काही येत नाही, बाय. मला समोर वाटला तो. अगदी समोर."

मी म्हटलं, "मग उद्यापासून मीपण आत येते."

"मोठी आलीस," ते म्हणाले. पण दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांनीच माझं दार वाजवलं.

नवी पद्धत अशी ठरली. मी त्यांच्या डाव्या अंगाला, जरा मागे बसायचं. बोलायचं नाही, हलायचं नाही. पक्षी डावीकडे बोलला तर त्यांची डावी बाही ओढायची, उजवीकडे बोलला तर पाठीवर उजवीकडे बोट टेकवायचं, मागे असेल तर कॉलर. दोन-तीन सकाळी यातही गोंधळ झाला. एकदा डास चावला म्हणून मी हात झटकला, तर अंकल एका चुकलेल्या वासराकडे नेम धरून बसले.

सीझन संपत आला होता. शनिवारची सकाळ होती. आदल्या संध्याकाळी आम्ही पक्षी पाइनच्या झाडावर झोपवला होता. अजून पुरतं उजाडलं नव्हतं, दव इतकं की माझी पँट भिजली होती. तो बोलला. डावीकडे. मी बाही ओढली. अंकल इंचाइंचाने वळले. पुन्हा बोलला, आता खालून, आणखी डावीकडे. मी पुन्हा ओढली. त्यांचा श्वास मला ऐकू येत होता, माझा त्यांना येत नव्हता तेच बरं. मग झुडपाच्या फटीतून ती लाल मान वर आली, आणि आली ती बरोबर त्यांच्या समोर.

बंदुकीच्या आवाजाने माझे कान बधिर झाले. काही क्षण आमच्या दोघांत मिळून एकच कान शिल्लक होता.

अंकलनी पक्ष्याजवळ जाऊन टोपी काढली, क्रुसाची खूण केली, मग परवान्यावर मिळालेल्या दोन टॅगांपैकी एक त्याच्या पायाला लावला. परतताना गाडीत ते एक शब्द बोलले नाहीत. आनंदाने गप्प आहेत असं मला वाटलं. माझं बेसमेंट वाचलं म्हणून मी मात्र अखंड बोलत होते.

रविवारी चर्चनंतर मुलगा, सून आणि नातवंडं मार्कहॅमहून आली. रानटर्कीचं मांस चिवट, आंटींनी ते आदल्या दिवसापासून वसईच्या बाटली मसाल्यात मुरवून मंद आचेवर शिजवलं होतं. मी सावजी मसाला घालू म्हटलं होतं, तर त्यांनी मला किचनमधून बाहेर काढलं. टेबलावर सगळे अंकलचं कौतुक करत होते. आंटींनीही हसत हसत सांगितलं की चला, हरले मी, पडदे परत करते.

अंकलनी चमच्याने ग्लास वाजवला आणि उभे राहिले.

"पक्षी मी मारला," ते म्हणाले, "पण शोधला हिने. मला सांगायचंय की मला डाव्या कानाने ऐकू येत नाही. तीन वर्षं होत आली."

मग धाकट्या नातवाने तोंडातला घास गिळत सांगितलं, "ग्रँडपा, वी नो."

"एव्हरीबडी नोज," मोठी नात म्हणाली.

अंकलनी एकेकाकडे पाहिलं. मुलगा ताटात बघत होता. सून पाणी पीत होती. आंटी भात वाढत होत्या.

"ठीक आहे," ते म्हणाले. "मग पुढचं ऐका. खरी शिकार संध्याकाळी होते, हे मीच सगळ्यांना सांगत आलो. या वर्षीची एकही संध्याकाळ माझी नव्हती. स्वतः शोधून आणीन असा शब्द दिला होता. तो पुरा झाला नाही. बंदूक विकायची. आम्ही मार्कहॅमला येतो."

मला वाटलं, उठून यांचं तोंड दाबावं. एवढा सुखासुखी जिंकलेला डाव कुणी असा हातचा घालवतं का? पण त्यांच्याकडे बघितलं आणि मला कळलं. टर्की तर त्यांना मिळाली होती, पण त्यांना ती तशी नको होती. मुलाचा चेहरा उजळला. "डॅड, दॅट्स ग्रेट. मी नेक्स्ट वीक एजंटला कॉल करतो," असं तो म्हणालासुद्धा. आणि मग आम्ही सगळे आंटींकडे बघायला लागलो. दोन वर्षं त्या ज्याची वाट बघत होत्या, ते आता त्यांच्या ताटात आयतं पडलं होतं.

आंटींनी अंकलच्या ताटात रस्सा वाढला. "शब्द कुणाला दिला होता?"

"तुला."

"मग तो माझ्याकडे आहे. त्याचं काय करायचं ते मी बघते. बसा आणि जेवा, थंड होतंय."

मुलगा म्हणाला, "पण मॉम, यू ऑल्वेज सेड..."

"तूही जेव," आंटी म्हणाल्या. मग डाव परत भांड्यात ठेवत म्हणाल्या, "संध्याकाळी मला घेऊन जा. बघू तरी काय असतं तिथे."

इतक्या वर्षांत आंटी एकदाही रानात गेल्या नव्हत्या. त्यांना चिखल आवडत नसे, डास आवडत नसत आणि घुबडं तर अजिबात नाहीत. पण त्या संध्याकाळी त्या निघाल्या. चर्चचा निळा ड्रेस, त्यावर अंकलचं जॅकेट, पायात नातीचे गमबूट. गाडीतून उतरल्यावर त्यांनी हातातल्या सोन्याच्या बांगड्या एकेक करून काढल्या, रुमालात गुंडाळल्या आणि माझ्याकडे दिल्या. "वाजतील," त्या म्हणाल्या. अंकल त्यांच्याकडे बघतच राहिले. चेन आणि वेल्क्रो तपासायचं त्या दिवशी ते विसरले.

मला त्यांनी बाजूला उभं केलं. ते दोघं चढावर पाठीला पाठ लावून उभे राहिले. आंटींचं डोकं त्यांच्या खांद्याशी येत होतं. वारा पडला होता. खाली शेतात मक्याची कोवळी रोपं नुकती वर आली होती आणि रानाच्या कडेला ऊन अगदी शेंड्यांवर उरलं होतं. अंकलनी डोळे मिटून घुबड काढलं. काही नाही. पुन्हा काढलं.

ओढ्यापलीकडून नवरदेव ओरडला. आंटी दचकल्या, पण त्यांचा हात लगेच वर गेला, नेमका तिकडे. अंकलचाही गेला, हायवेकडे.

मी वाट बघत होते. आता एक डोळा किलकिला होईल, मान वळेल, हात सरकेल. काहीच झालं नाही. अंकल हात तसाच चुकीच्या दिशेला धरून उभे राहिले आणि म्हणाले, "मला नाही कळत. तू सांग, कुठे आहे?"

त्यांना असं विचारताना मी त्याआधी कधी ऐकलं नव्हतं. आंटींनीही ऐकलं नसावं. त्या वळल्या, त्यांनी अंकलचा ताणलेला हात दोन्ही हातांनी धरला आणि हळूच फिरवून ओढ्याकडे केला. तो हात तसाच धरून, चवड्यांवर उभं राहून, त्या त्यांच्या डाव्या कानाशी बोलल्या. कोणता कान, हे त्यांना पक्कं माहीत होतं.

"घाबरले होते हो मी. खरंच बंदूक विकाल म्हणून."

मी बांगड्यांचा रुमाल घट्ट धरला आणि दुसरीकडे बघायला लागले.

"काय म्हणालीस?" अंकलनी विचारलं.

"काही नाही," आंटी त्यांच्या उजव्या बाजूला येत म्हणाल्या. "ओढ्यापलीकडच्या मोठ्या मेपलवर आहे. अजून एक टॅग शिल्लक आहे ना तुमच्याकडे? मग उद्या लवकर उठा."